सोडा, जा, करा: 1942 ची क्रियापदं

2023 च्या जानेवारीत माझी नोकरी गेली, आणि ती गेल्याचं मला पंधरा मिनिटं कळलंच नाही.

रात्री साडेनऊचा कॉल होता. पलीकडे अमेरिकेतला मॅनेजर. तो दोन-तीन मिनिटं मार्केटबद्दल काहीतरी बोलला आणि मग म्हणाला, 'वुई आर गोइंग टू हॅव टू लेट यू गो.' हा माणूस प्रत्येक कॉल संपवताना 'ऑलराइट, आय विल लेट यू गो' असंच म्हणायचा. म्हणजे चल, ठेवतो, तुला मोकळं करतो. मला वाटलं, आज लवकर सुटलो. मी हसून म्हणालो, 'थँक यू सो मच, नो प्रॉब्लेम, गुड नाइट.' पलीकडे जरा शांतता. मग तो म्हणाला, मी हे फारच चांगल्या पद्धतीने घेतो आहे. मी परत थँक यू म्हणालो.

पंधरा मिनिटांनी लॅपटॉप आपोआप लॉग आउट झाला. पासवर्ड चालेना. तेव्हा कुठे 'लेट यू गो' डोक्यात शिरलं.

तीन शब्द. लेट, यू, गो. तिन्ही मला पहिलीपासून येतात. महाराष्ट्रात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं आणि आम्ही त्याच्या सुरुवातीच्या पिकातले. आर्वी आणि आष्टीच्या मधल्या आमच्या गावातल्या शाळेत भिंतीवर तक्ता होता: गो, वेंट, गॉन. समोर मराठी अर्थ एकच, जाणे. कम, केम, कम, येणे. डू, डिड, डन, करणे. सगळा तक्ता आम्ही पावकीसारखा घोकला. त्या तक्त्याने आम्हाला प्रत्येक क्रियापदाची तीन रूपं दिली आणि एक अर्थ दिला. पुढे आयुष्यात उलटं निघालं. रूपं तीनच राहिली, अर्थ मोजता येईनात.

हे मी रागात म्हणत नाही. ज्यांनी मोजायचा प्रयत्न केला त्यांचे आकडेच तसे आहेत. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे 430 अर्थ होते. नंतर नव्या आवृत्तीसाठी 'रन'ची नोंद लिहिताना पीटर गिलिव्हर या संपादकाला एका शब्दावर नऊ महिने घालवावे लागले. त्याने 645 अर्थ काढले. मी दिवसातून पन्नास वेळा कोड रन करतो. त्या 645 पैकी एक अर्थ वापरतो आणि समजतो, मला रन येतं.

खरं तर आपण मराठी लोक इंग्रजी क्रियापद घेतो तेच असं एका अर्थापुरतं. पूर्ण क्रियापद आपण घेतच नाही. त्याचं नाम करतो आणि शेजारी 'करणे', 'होणे' किंवा 'मारणे' बसवतो: सेव्ह करणे, सेट होणे, ट्राय मारणे. फारसीच्या वेळीही आपण हेच केलं: माफ करणे, मंजूर करणे, सुरू करणे. 'बदलणे', 'फर्मावणे' असे थोडे शब्द पूर्ण मराठी झाले, बाकीचे 'करणे'चं बोट धरूनच चालतात. या पद्धतीत सोय मोठी आहे, पण शब्दाबरोबर त्याचे शेजारीपाजारी येत नाहीत. 'कट मारणे' आलं ते बाईकवाल्याचं. इंग्रजी कटचे बाकीचे अर्थ तिकडेच राहिले.

नोकरी गेल्यावर मी महिनाभर गावी गेलो. नव्वदी ओलांडलेले आबा ओसरीवर बसलेले असायचे. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, ''पण त्यानं म्हटलं काय तुले?''

''म्हणाला, आम्ही तुले जाऊ देतो.''

आबा बराच वेळ विचार करत होते. मग म्हणाले, ''पण तू कुठं गेला? तू तं इथंच हाय. नोकरी गेली.''

मी त्या दिवशी हसलो. नंतर लक्षात आलं की म्हाताऱ्याने व्याकरणातली गोष्ट सांगितली होती. मराठीत नोकरी लागते, जशी भूक लागते, ठेच लागते, आग लागते. आणि नोकरी जाते किंवा सुटते. जाणारी ती, माणूस जागेवरच. इंग्रजीत उलट: नोकरी जागेवर, माणूस जातो. आणि तो जणू जायलाच निघाला होता, आपण फक्त अडवलं नाही, अशा थाटात 'लेट' लावलेलं. एका क्रियापदाने जबाबदारी कोणाची हे ठरतं.

मग आबांनी विषय बदलला. त्यांच्या वयाच्या माणसाचा विषय आमच्या भागात फिरून एकाच ठिकाणी येतो. 1942. त्या वर्षी ते दहा वर्षांचे होते. ''आम्हीबी इंग्रजाले जाच म्हटलं होतं,'' ते म्हणाले. ''चले जाव. तो काही लगेच गेला नाही.''

बेकार माणसाकडे वेळ असतो. मी वर्ध्याच्या त्या उन्हाळ्याबद्दल वाचायला लागलो, आणि वाचता वाचता मला दिसलं की 1942 चा मोठा भाग हा काही साध्या इंग्रजी क्रियापदांच्या अर्थांवरचा वाद आहे. तो वाद आमच्या जिल्ह्यात झाला. आणि त्यात माणसं मेली.

क्रम असा आहे. मार्च 1942 मध्ये क्रिप्स भारतात आले. युद्धानंतर काय देऊ याची त्यांची योजना काँग्रेसने नाकारली. जपानी सैन्य ब्रह्मदेशात पोचलं होतं. एप्रिलमध्ये सेवाग्रामात बसून गांधींनी एक मसुदा लिहिला आणि मीराबेनबरोबर अलाहाबादच्या काँग्रेस बैठकीला पाठवला. ब्रिटिशांनी भारतातून निघून जावं, हा त्याचा गाभा. मे महिन्यात 'हरिजन'मध्ये त्यांनी आणखी पुढे जाऊन लिहिलं: भारत देवावर सोडा, आणि तेही जड वाटत असेल तर अराजकावर सोडा, अशा अर्थाचं.

इथे इंग्रजीत क्रियापद आहे 'लीव्ह'. लीव्ह इंडिया म्हटलं की भारतातून निघा. लीव्ह इंडिया टू गॉड म्हटलं की भारत देवाच्या हवाली करा. आपल्या ऑफिसात लीव्ह म्हणजे रजा, ती आणखी तिसरी. पण गंमत बघा, इथे मराठी अडखळत नाही. 'सोडणे' दोन्ही पेलतं. गाव सोडतो आणि देवावरही सोडतो. उपास सोडतो, पाणी सोडतो, बाण सोडतो, पोराला शाळेत सोडतो, पोलीस चोराला सोडतात, भाडेकरू घर सोडतो. हे सगळं आपल्याला कोणी तक्त्यावर शिकवलं नाही. म्हणजे एका क्रियापदाचे खूप अर्थ असणं हा काही इंग्रजीचा खोडसाळपणा नाही. रोजच्या वापरातलं क्रियापद सगळ्याच भाषांमध्ये असं पसरतं. आपल्या भाषेतला पसारा आपल्याला पसारा वाटत नाही, एवढंच.

जूनमध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार सेवाग्रामात आठवडाभर राहिला. त्याने गांधींना साधा प्रश्न विचारला. ब्रिटिशांनी निघून जावं म्हणजे नेमकं कोणी? सरकारने की सैन्यानेही? आता सैन्य गेलं तर जपान आत येणार. गांधींनी मान्य केलं की आपल्या मांडणीत इथे एक फट होती. सत्ता जावी, पण स्वतंत्र भारताशी करार करून ब्रिटन आणि अमेरिकेचं सैन्य इथून लढू शकेल, असं त्यांनी स्पष्ट केलं.

आणि 14 जुलै 1942 ला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने ठराव केला. आपण त्याला 'छोडो भारत'चा ठराव म्हणतो, पण वर्ध्याच्या ठरावाच्या इंग्रजीत महत्त्वाचा शब्द आहे 'विथड्रॉअल', मागे घेणं. ब्रिटिश सत्ता ताबडतोब संपली पाहिजे, ही मागणी. आणि लगेच खुलासा: याचा अर्थ सगळ्या इंग्रज माणसांनी देश सोडून जावं असा नाही, भारताला घर मानून राहायचं असेल त्यांनी तर नाहीच. मित्रराष्ट्रांचं सैन्य ठेवायलाही काँग्रेस तयार आहे. म्हणजे ठरावाचा बराच भाग एका क्रियेचा अर्थ सांगण्यात गेला आहे. मागे घ्या, पण काय मागे घ्या आणि काय नको.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. लिनक्समध्ये चालू प्रोग्रामला 'किल' कमांडने सिग्नल पाठवतात. तीन नंबरच्या सिग्नलचं नाव 'क्विट'. पण तोच सिग्नल जावाच्या प्रोग्रामला पाठवला तर तो बंद होत नाही. आपल्या आत काय चाललंय त्याची यादी छापतो आणि पुढे चालू राहतो. नावाने क्विट आहे, पण कोण क्विट करणार आणि कसं, हे ऐकणाऱ्यावर अवलंबून.

ऐकणारा दिल्लीत होता. ठरावाचा अर्थ समजावून सांगायला गांधींनी मीराबेनला दिल्लीला पाठवलं. व्हाइसरॉयने भेट दिली नाही.

आता 'क्विट' कुठून आला? या शब्दाच्या जन्माच्या एकापेक्षा जास्त हकिगती आहेत. सगळ्यात जास्त सांगितली जाणारी अशी. गांधी मुंबईत सहकाऱ्यांशी घोषणेबद्दल बोलत होते. कोणी सुचवलं, 'गेट आउट'. गांधी म्हणाले, हे असभ्य आहे. राजाजींनी 'रिट्रीट' किंवा 'विथड्रॉ' सुचवलं. तेही जमेना. मग युसूफ मेहेरअलींनी 'क्विट इंडिया' समोर ठेवलं आणि ते गांधींना पटलं. मेहेरअली 1942 मध्ये मुंबईचे महापौर झाले होते. 1928 मध्ये सायमन कमिशन आलं तेव्हाची 'सायमन गो बॅक' ही घोषणाही त्यांचीच. एका माणसाने दोनदा देशाला क्रियापद दिलं.

ही हकिगत खरी असो वा नसो, त्यातली निवड फार नेमकी आहे. इंग्रजीत 'जा' म्हणायचे हे पाच प्रकार, आणि प्रत्येकात बोलणारा वेगळ्या जागी उभा आहे. 'गो बॅक' म्हणजे आलात तसे परत फिरा. ते पाहुण्याला चालतं, पण दीडशे-दोनशे वर्षं घरात राहिलेल्याला अपुरं पडतं. 'गेट आउट' म्हणजे हाकलणं, वर्गातल्या मास्तरासारखं. 'रिट्रीट' हरलेल्या सैन्याचं. 'विथड्रॉ' सभ्य, पण थंड. बँकेतले पैसेही विथड्रॉ होतात. आणि 'क्विट'? इंग्रजी कायद्यात घरमालक भाडेकरूला जागा खाली करायला सांगतो, त्या नोटिशीचं नाव 'नोटिस टू क्विट'. त्यात शिवी नाही, विनंतीही नाही. घर माझं आहे, एवढंच त्यात आधी धरलेलं आहे. इंग्रजाला हा शब्द त्याच्या स्वतःच्या कोर्टातून ओळखीचा होता. शिवाय क्विट, क्वाएट आणि अक्विट हे तिन्ही शब्द एकाच लॅटिन मुळाचे: देण्यातून मोकळा, शांत, निर्दोष. क्विट्स म्हणजे हिशेब चुकता.

यातलं काहीच मराठीत आलं नाही. आपल्याकडे आलं 'चले जाव'. आजही शाळेच्या पुस्तकात ते हिंदीतच आहे, आपण त्याचं 'निघून जा' केलं नाही. 'छोडो भारत'मध्ये निदान सोडण्याची वस्तू आहे. 'चले जाव'मध्ये वस्तूही नाही, नोटीसही नाही, घरमालकही नाही. फक्त जाणं आहे. मुंबईतल्या वकिलाला क्विटमध्ये कोर्ट ऐकू आलं असेल. आबांच्या गावात ऐकू आलं ते एवढंच: चालते व्हा. भाषांतरात अर्थ गेला असं म्हणता येईल. पण त्या अर्थाची गरज नसलेली हजारो माणसं त्यामुळेच आली, असंही म्हणता येईल. मला दोन्ही पटतं.

8 ऑगस्टच्या रात्री मुंबईत गवालिया टँकवर गांधी आधी हिंदुस्थानीत बोलले, मग इंग्रजीत. त्या रात्रीचं क्रियापद होतं 'करणे'. करेंगे या मरेंगे. डू ऑर डाय.

तक्त्यात डू, डिड, डन, करणे. इंग्रजीतलं हे सगळ्यात रिकामं क्रियापद. प्रश्नातही येतं, नकारातही येतं, तेव्हा त्याला स्वतःचा अर्थही नसतो. आणि 'करेंगे'ला कर्म नाही. काय करेंगे? गांधींच्या मनात उत्तर होतं: अहिंसेने जे होईल ते सगळं. पण पुढचं सांगायला ते मोकळे राहिले नाहीत. 9 ऑगस्टला पहाटे त्यांना अटक झाली. बाकीचे मोठे नेतेही गेले. वाक्य लोकांच्या हातात आलं आणि कर्म ज्याचं त्याने भरायचं होतं.

वर्ध्यात राहणारे किशोरलाल मश्रूवाला त्यानंतर 'हरिजन' सांभाळत होते. लोक विचारत होते: तारा कापणं, रूळ काढणं अहिंसेत बसतं का? जीव जाणार नाही याची पूर्ण काळजी घेतली तर अशा गोष्टींना आक्षेप नाही, असं त्यांनी लिहिलं. त्यांनाही अटक झाली.

16 ऑगस्ट, नागपंचमी. आष्टीच्या पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले. गोळीबार झाला. लोक मेले, आणि पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चिमूरलाही उठाव झाला. पुढच्या खटल्यांत अनेकांना फाशीची शिक्षा झाली. ती रद्द व्हावी म्हणून देशभर धडपड झाली आणि 1945 मध्ये फाशी टळून जन्मठेप झाली. आज आष्टीला आष्टी शहीद म्हणतात.

आबा त्या दिवशी आष्टीला गेले नव्हते. त्यांच्या वडिलांनी त्यांना घरात कोंडून ठेवलं आणि स्वतः गेले. ते परत आले, रात्री उशिरा, आणि त्यावर कधी बोलले नाहीत. आबांना एवढंच आठवतं की त्यांनी आल्यावर सदरा स्वतः धुतला. घरात बायका असताना आणि रात्री. तिथे त्यांनी काय केलं, हे आबांनी विचारलं नाही. मीही आबांना दुसऱ्यांदा विचारलं नाही. 'काही केलं का त्यांनी?' यातलं 'करणं' कुठलं, हे मला नीट ठरवता येत नव्हतं.

सरकारने मात्र विचारलं. फेब्रुवारी 1943 मध्ये सरकारने पुस्तिका काढली: दंग्यांची जबाबदारी काँग्रेसची. त्यात गांधींची वाक्यं एकेक काढून त्यांचा अर्थ लावला होता. गांधी तेव्हा पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. जुलै 1943 मध्ये त्यांनी तिथून लांबलचक उत्तर लिहिलं. ते वाचताना मला एखादा कोड रिव्ह्यू आठवला. हे वाक्य मी असं म्हटलं नव्हतं. याच्या आधीचं वाक्य गाळलं आहे. वर्ध्यातल्या 14 जुलैच्या मुलाखतीतलं एक वाक्य होतं, त्यात 'विथड्रॉअल' हा शब्द होता. ब्रिटिशांनी निघून जाण्याच्या मागणीत वाटाघाटीला जागा नाही, असं त्यांचं म्हणणं. पुस्तिकेत शब्दांची जागा बदलली आणि अर्थ झाला की काँग्रेस मागणी मागे घेणार नाही आणि वाटाघाटीही करणार नाही. विथड्रॉ कोणी करायचं, इंग्रजांनी की काँग्रेसने? त्याच शब्दाचा कर्ता बदलला की आरोपी बदलतो.

उत्तराने काही फरक पडला नाही. गांधी सुटले ते मे 1944 मध्ये, तब्येत खालावल्यावर. त्याआधी महादेवभाई आणि कस्तुरबा तिथेच गेले. 'गेले'.

मला तीन महिन्यांनी पुण्यात दुसरी नोकरी लागली. खराडीला ऑफिस आहे. रोज नगर रोडवरून जाताना ट्रॅफिकमध्ये गाडी बरोबर आगाखान पॅलेसच्या समोर अडकते. आधीही दोन वर्षं तिथूनच जात होतो, कधी आत पाहिलं नव्हतं.

आता कॉलवर मी एक गोष्ट करतो. न लाजता विचारतो, 'व्हॉट डू यू मीन बाय दॅट?' लोकांना वाटतं, याचं इंग्रजी कच्चं आहे. असू दे. फिशरने सेवाग्रामात हाच प्रश्न विचारला होता, आणि गांधींना थांबून, फट मान्य करून, उत्तर द्यावं लागलं होतं. व्हाइसरॉयने मीराबेनला भेट नाकारली, म्हणजे त्याने हा प्रश्न विचारलाच नाही.

मागच्या दिवाळीत पुतणीच्या वहीत परत तोच तक्ता दिसला. गो, वेंट, गॉन, जाणे. मी पेन घेऊन 'जाणे'च्या खाली आणखी काही अर्थ लिहायला लागलो. चार लिहिल्यावर ती वैतागली. म्हणाली, ''काका, परीक्षेत एकच विचारतात.''

आबा ओसरीवरून म्हणाले, ''राहू दे रे. जाऊ दे.''